फुकट अँटिव्हायरस: पाच लग्नसराया आणि शेकडो पेन ड्राइव्ह

"ताई, तुमच्या कॉम्प्युटरनं माझ्या पोरीची पत्रिका खाल्ली."

राजूरहून पहिल्या एसटीनं आलेले काका माझ्या हॉलमध्ये उभे राहून हे म्हणत होते आणि मला उत्तर सुचत नव्हतं. त्यांचा पेन ड्राइव्ह मी लावला, उजव्या कोपऱ्यात डिफेंडरची, म्हणजे विंडोजबरोबरच येणाऱ्या फुकट अँटिव्हायरसची, पट्टी वर आली, धोका सापडला, काढून टाकला. छान. मग ड्राइव्ह उघडला तर आत काहीच नाही. नवरानवरीचे फोटो नाहीत, मजकूर नाही, आहेर-मानापानाची यादी नाही. लग्नाला उरलेले सोळा दिवस.

पण ड्राइव्हवर राइट-क्लिक करून पाहिलं तर तीन जीबी भरलेली दिसत होती. म्हणजे माल आतच होता, फक्त दिसत नव्हता. हा आपला जुना शॉर्टकट व्हायरस. झेरॉक्सच्या दुकानांतून आणि फ्लेक्सवाल्यांकडून फिरणारा, आमच्या धंद्यातला घरचाच पाहुणा. तो खऱ्या फोल्डरांना लपवतो आणि त्याच नावाचे खोटे शॉर्टकट समोर मांडतो, कोपऱ्यात बाण असलेले, एक-दोन केबीचे. विंडोज ७ पासून पेन ड्राइव्ह लावल्याबरोबर आतला प्रोग्राम आपोआप चालणं बंद झालं, म्हणून व्हायरस लिहिणाऱ्यांनी माणसाच्या बोटाचाच आधार घेतला. तुम्ही 'पत्रिका' नावाच्या बाणावर दोनदा क्लिक करता, फोल्डरही उघडतो, तुम्हाला शंकासुद्धा येत नाही, आणि मागच्या मागे एक छोटी स्क्रिप्ट तुमच्या मशीनमध्ये शिरते. डिफेंडर काय करतो, तर ती स्क्रिप्ट आणि खोटे बाण उडवतो. लपवलेले फोल्डर मात्र लपलेलेच राहतात. गिऱ्हाइकाला वाटतं, अँटिव्हायरसनं सगळं खाल्लं.

ते परत दिसायला काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, एक ओळ टाकावी लागते. अ‍ॅट्रिब, मग वजा एच, वजा आर, वजा एस, पुढे तिरकी रेघ एस, तिरकी रेघ डी. ती मी मॉनिटरच्या खालच्या पट्टीवर चिकटपट्टीनं लावून ठेवली आहे, कारण एकही रिकामी जागा चुकली की आज्ञा चालत नाही. एंटर मारलं आणि सगळे फोल्डर परत आले. काका खुर्चीत बसले. मग चहा झाला.

तर मी संगमनेरात घरातूनच डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, दशक्रियेची निमंत्रणं, स्थळांचे बायोडेटा, वाढदिवसाचे फ्लेक्स, कधी ग्रामपंचायतीची जाहीर सूचना. हॉलच्या कोपऱ्यात असेंबल केलेला एक कॉम्प्युटर आहे, सहाव्या पिढीचा आय-थ्री, आठ जीबी रॅम. तोच घरचा, तोच धंद्याचा. दिवसा मी, संध्याकाळी मुलगी अभ्यासाच्या नावाखाली, रात्री सासरे भजनं ऐकायला. लग्नसराईत दिवसाला आठ-दहा परके पेन ड्राइव्ह या मशीनला टोचले जातात. विंडोजबरोबर येणारा डिफेंडर मी पाच लग्नसराया वापरलाय, त्याचा हा हिशेब.

आधी आम्ही दरवर्षी क्विक हीलचा डबा आणायचो. पुण्याची कंपनी, कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकरांनी आणि त्यांच्या भावानं, संजय काटकरांनी उभी केलेली, त्यामुळे आपल्या माणसाचा माल घेतल्यासारखंही वाटायचं. तक्रार काही नव्हती. पण २०२० साली लग्नंच बंद झाली. पन्नास माणसांच्या लग्नाला कोण पत्रिका छापतो? लोक व्हॉट्सॅपवर जेपीजी पाठवून मोकळे. त्या वर्षी नूतनीकरणाचे पैसे वाचवायचे ठरवले आणि फुकटातलं शोधायला लागले.

पहिला जो टाकला त्याचं नाव घेत नाही. पकडायचा बरा, पण बोलायचा फार. दर दोन तासांनी उजव्या कोपऱ्यात काहीतरी वर यायचं. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये इतक्या अडचणी सापडल्या, तुमचा पत्ता सगळ्या जगाला दिसतोय, आजच घ्या, साठ टक्के सूट. गिऱ्हाईक शेजारी बसून प्रूफ वाचतंय आणि त्याच वेळी स्क्रीनवर लाल अक्षरात 'अडचणी'. ते माझ्याकडे असं बघायचं, जसं काही मी शिळं वाढलंय. शेवटी काढला, तर काढतानाही चार वेळा विचारलं, नक्की का, नक्की का. नंतरही त्याचे तुकडे राहिलेच, सेफ मोडमध्ये जाऊन त्यांचंच वेगळं काढायचं टूल चालवावं लागलं.

यात मला कळलं ते असं, की फुकट देणाऱ्या कंपनीलाही पोट असतंच. एकतर ती तुम्हाला विकतचं घ्यायला पिडते, नाहीतर तुमच्यातून काहीतरी कमावते. अवास्टचं प्रकरण आठवत असेल. लोक कुठल्या साइटवर काय बघतात ती माहिती त्यांची जम्पशॉट नावाची उपकंपनी विकत होती. जानेवारी २०२० मध्ये बोभाटा झाल्यावर जम्पशॉट बंद केली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. दुसरी गंमत म्हणजे अवास्टनं २०१६ मध्ये एव्हीजी घेतलं, आणि २०२२ पासून अवास्ट, एव्हीजी, अविरा, नॉर्टन हे सगळे जेन डिजिटल या एकाच कंपनीत नांदतात. म्हणजे 'हे नको, ते टाकून बघू' म्हणून तुम्ही या चारांत फिरत असाल तर एकाच घरातल्या चार जावांकडे फिरताय. माल वाईट आहे असं मी म्हणत नाही. निवड वाटते तेवढी मोठी नाही, एवढंच.

बिटडिफेंडरचा फुकटातला भाच्याच्या लॅपटॉपवर आहे. तो बऱ्यापैकी गप्प बसतो, फक्त खातं उघडायला लावतो. मला आणखी एक पासवर्ड नको होता, म्हणून मी तिकडे गेले नाही.

मग उरला डिफेंडर. हा वेगळा आणावाच लागत नाही. विंडोज ८ पासून तो मशीनमध्ये आहेच, दुसरा अँटिव्हायरस काढला की आपोआप जागा होतो. दुसरा घातला की आपण होऊन मागे सरतो. ह्यांना, म्हणजे आमच्या घरातल्या ह्यांना, वाटायचं दोन पहारेकरी असले की दुप्पट राखण. तसं नसतं. दोघं एकाच फाइलला एकाच वेळी धरतात आणि मशीन रांगायला लागतं. म्हणून विंडोजच दोघांतल्या एकाला बसवून ठेवतं.

डिफेंडर काही विकत नाही, त्यामुळे पिडत नाही. दिवसातून कधीतरी व्हायरसांची ओळखयादी अद्ययावत करतो, कधीमधी 'काही सापडलं नाही' असं सांगतो. जर्मनीतल्या मॅग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्था अशा प्रोग्रामांच्या परीक्षा घेतात. तिथे पूर्वी मागच्या बाकावर बसणारा हा पोरगा आता पहिल्या रांगेत असतो. पण एक गोम आहे. त्याची बरीचशी अक्कल इंटरनेटपलीकडे मायक्रोसॉफ्टकडे असते. नेट नसताना त्याची पकड सैल पडते. आमच्याकडे लाइट गेली की राउटर बंद आणि कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू, अशी वेळ रोजची. त्या वेळात मी आता कुणाचाही पेन ड्राइव्ह घेत नाही. गिऱ्हाईक कुरकुरतं. बसा म्हणते.

आता खरी गोष्ट.

मागच्या दिवाळीत भाचा आला होता, पुण्यात कॉम्प्युटरचा डिप्लोमा करतो. म्हणाला, "मावशी, तुझा डिफेंडर जागा आहे का बघू." त्यानं नोटपॅड उघडलं आणि ६८ अक्षरांची एक अगम्य ओळ चिकटवली. आयकार नावाच्या युरोपातल्या संस्थेची ही ओळ आहे. ती निरुपद्रवी असते, कुणाचं काही बिघडवत नाही, पण सगळ्या अँटिव्हायरस कंपन्यांनी ठरवलंय की ही दिसली की व्हायरस समजून पकडायची. आगीच्या भोंग्याची चाचणी घेतात ना, तशी. डेस्कटॉपवर ती फाइल सेव्ह केली. एक-दीड सेकंद. पट्टी आली, फाइल गेली. मी खूश.

"आता डी ड्राइव्हवर."

सेव्ह केली. वाट पाहिली. काही नाही. परत उघडली, उघडली. कॉपी केली, झाली. भाचा काही बोलेना. माझं सगळं काम डी ड्राइव्हवर आहे. दहा वर्षांच्या पत्रिका, फॉन्ट, लोकांचे फोटो. गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हवरचं सगळं मी उचलून टाकते तेही तिथेच.

विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये जा, मॅनेज सेटिंग्जवर क्लिक करा आणि सरकत सरकत अगदी तळाशी या. तिथे एक्सक्लुजन्स म्हणून एक यादी असते. या जागा तपासू नको, असं डिफेंडरला सांगायची यादी. आमच्या यादीत दोन ओळी होत्या. एक, सी ड्राइव्हमधला कसलातरी फोल्डर. दुसरी, डी ड्राइव्ह. अख्खा.

मी टाकलेल्या नव्हत्या. कुणी टाकल्या ते कळायला वेळ लागला नाही. मशीन असेंबल करून देणाऱ्यानं विंडोज 'घालून' दिलं होतं. परवान्याचे पैसे घेतले नव्हते, मीही विचारलं नव्हतं, बिल कमी आलं म्हणून उलट बरंच वाटलं होतं. ते क्रॅक केलेलं विंडोज चालू राहायला एक अ‍ॅक्टिव्हेटर लागतो, डिफेंडर त्याला हॅकटूल, ऑटोकेएमएस अशा नावानं ओळखून उडवतो. मग हे लोक काय करतात, तर तो फोल्डर वगळतात. डी ड्राइव्हवर त्यानं क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरचा साठा ठेवला होता, तो राहावा म्हणून तो पूर्णच वगळला. त्याच्या बाजूनं काम नीटनेटकं झालं होतं. आणि मी रोज सकाळी बरोबरची हिरवी खूण बघून कामाला बसत होते.

दोन्ही ओळी काढल्या आणि रात्री फुल स्कॅन लावला. जुनी हार्ड डिस्क, सव्वातीन तास लागले. सकाळी प्रोटेक्शन हिस्टरीत एकेचाळीस नोंदी. बऱ्याचशा जुन्या शॉर्टकट व्हायरसच्या स्क्रिप्ट, गिऱ्हाइकांच्या फोल्डरांत निपचित पडलेल्या. चार-पाच 'मराठी फॉन्ट फुकट' म्हणून उतरवलेली इन्स्टॉलरं, ज्यांच्यात फॉन्टपेक्षा इतरच माल जास्त. आणि तो ऑटोकेएमएस. त्याच्या नोंदीखाली 'अलाउ' असंही बटण होतं. भाचा म्हणाला, ते दाबलंस तर मी परत येणार नाही.

अ‍ॅक्टिव्हेटर गेल्यावर काही आठवड्यांनी स्क्रीनच्या कोपऱ्यात 'विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करा' असा फिकट शिक्का उमटला. तीन महिने तो शिक्का घेऊनच काम केलं, मशीन चालतं, डिफेंडरही चालतो, अपडेटही येतात. मग फेब्रुवारीतल्या पहिल्या मोठ्या ऑर्डरच्या पैशातून रीतसर परवाना घेतला. म्हणजे फुकट अँटिव्हायरसपायी माझे पैसे गेलेच, पण ते आधीच जायला हवे होते.

ही यादी सगळ्यांनी एकदा बघाच, विशेषतः मशीन असेंबल केलेलं असेल किंवा कुणी 'फॉरमॅट मारून' दिलं असेल तर. त्याच जागी थोडं वर टॅम्पर प्रोटेक्शन असतं, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला डिफेंडरच्या सेटिंग्ज बदलू न देणारी सोय, ते चालू हवं. आणि अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोलमध्ये रेप्युटेशनवाल्या सेटिंग्जमध्ये 'नको असलेली अ‍ॅप्स' अडवायची सोय आहे, तिच्याकडेही नजर टाका. माझ्या फॉन्टबरोबर आलेला पाला आता तिथेच अडकतो.

पेन ड्राइव्हबद्दल आणखी एक, जे मला फार उशिरा कळलं. फुल स्कॅन म्हटलं तरी पेन ड्राइव्ह त्यात मुळात धरलेला नसतो. फाइल उघडताना-कॉपी करताना डिफेंडर बघतो, पण आधीच सगळा झाडून घ्यायचा असेल तर ड्राइव्हच्या चित्रावर राइट-क्लिक करून 'स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर' म्हणावं लागतं. आठ जीबीचा भरलेला ड्राइव्ह असेल तर तेवढ्यात गिऱ्हाइकाचं पाणी पिऊन होतं.

नानांचं, म्हणजे सासऱ्यांचं, वेगळंच निघालं. एका रात्री घाबरून हाक मारली, "अगं, पाच व्हायरस आलेत म्हणतंय, फोन कर म्हणतंय." उजव्या खालच्या कोपऱ्यात खरंच एकामागून एक पट्ट्या, ओळखीच्या कंपनीचं बोधचिन्ह, खाली फोन नंबर. क्विक स्कॅन केला, काहीच नाही. डिफेंडरवरच शंका यायला लागली. पण पट्टीवर बारीक अक्षरात ब्राउझरचं नाव होतं. नानांनी कुठल्याशा भजनाच्या साइटवर 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा' यावर इमानेइतबारे अलाउ दाबलं होतं. तो व्हायरस नव्हताच, साइटला सूचना पाठवायची दिलेली परवानगी होती. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्समध्ये जाऊन अकरा साइट काढल्या आणि सगळं शांत. फुकट असो की विकतचा, अँटिव्हायरसचा इथे फारसा इलाज चालत नाही. तो नंबर फिरवला असता तर पलीकडच्यानं आधी मशीनचा ताबा मागितला असता, मग बँकेचं अ‍ॅप उघडायला लावलं असतं. आमच्या फोनच्या डायरीत आता पहिल्या पानावर १९३० लिहिलंय, पैसे गेले तर लगेच करायचा सायबर फसवणुकीचा नंबर.

डिफेंडरमध्ये खंडणीवाल्या, म्हणजे फाइलींना कुलूप घालून पैसे मागणाऱ्या, व्हायरससाठी 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' म्हणून एक सोय आहे, मुळात बंद असते. चालू केली की अनोळखी प्रोग्रामला तुमच्या डॉक्युमेंट्स वगैरे फोल्डरांत लिहू देत नाही. मी चालू केली आणि डी वरचा पत्रिकांचा फोल्डरही तिच्यात घातला. दुसऱ्या दिवशी माझा जुनाट डीटीपी प्रोग्राम फाइल सेव्ह करेना. अर्धा तास मी फॉन्टला शिव्या घातल्या. मग लक्षात आलं, यानंच अडवलंय. त्या प्रोग्रामला नावानिशी परवानगी दिली, तेव्हापासून त्रास नाही. पण जुनी सॉफ्टवेअरं वापरणाऱ्यांनी हे ऐन लग्नसराईत चालू करू नये. आषाढात करा. आणि याच्या भरवशावर बॅकअप सोडू नका. माझी एक बाहेरची हार्ड डिस्क कपाटात असते, फक्त रविवारी बाहेर येते.

महिन्यातून एकदा मालवेअरबाइट्सचा फुकटातला स्कॅन मारते, दुसऱ्या डॉक्टरला दाखवावं तसा. तो घातल्यावर पहिले चौदा दिवस विकतच्या आवृत्तीसारखा सगळीकडे पहारा देत बसतो, नंतर बोलावलं तरच येतो. दोन वर्षांत त्याला डिफेंडरहून वेगळं असं ब्राउझरमधलं किरकोळच सापडलं.

विंडोज १० वाल्यांसाठी एक गोष्ट. त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझा सहाव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. मायक्रोसॉफ्टनं घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ दिली, सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्या खात्यात ठेवला तर पैसेही न घेता. मी तीच घेतली. डिफेंडरची ओळखयादी मात्र विंडोज १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार आहे. यावरून 'अँटिव्हायरस चालू आहे ना, मग झालं' असं आमच्या हौशी मंडळींनी समजू नये. विंडोजमधली भोकं बुजवणं वेगळं आणि भोकातून आलेला उंदीर पकडणं वेगळं. मी नवीन मशीनसाठी पैसे बाजूला टाकायला लागलेय.

मार्क द्यायचे तर दहापैकी आठ. एक मार्क नेट नसतानाच्या सैलपणाचा कापला. दुसरा ती वगळलेल्या जागांची यादी इतकी तळाशी पुरून ठेवल्याचा. पहिल्याच पानावर लाल अक्षरात 'तुमचा डी ड्राइव्ह मी बघत नाही' असं लिहायला काय हरकत होती?

परवा एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, गेला. त्याच असेंबलवाल्याला बोलवावं लागलं, गावात एवढ्या लवकर येणारा दुसरा नाही. त्यानं बॉक्स उघडला, धूळ उडवली, नवीन बसवला, मशीन चालू करून बघितलं. मग माउस हातात घेत म्हणाला, "मॅडम, स्लो वाटतंय थोडं. डिफेंडर बंद करून देऊ का? एकदम फास्ट होईल."

मी त्याच्या हातात चहाचा कप दिला आणि माउस माझ्याकडे घेतला.